पडल्या की पाया पडल्या

आधी एक गोष्ट साफ करतो, मग प्रवासाचं सांगतो. आमच्या पोरी पुसदले जाऊन सोळाच्या सोळा पडल्या, असं मुकुटबनात पानठेल्यावर जे बोलून राह्यले ते खोटं आहे. बोलणाऱ्यांपैकी एकही माणूस तिथं आला नव्हता. मी गेलतो. तीन दिवस होतो. तिथल्या कागदावर माझी सही आहे.

मी चौथीपर्यंत शिकलेला. तेव्हा लिहिताना कुठं शाळेतली भाषा येईल, कुठं आमच्या तोंडची. ज्याला चालत नसेल त्यानं वाचू नये.

मी चाळीस वर्षं बाजारात मापारी होतो. मापारी म्हणजे पोतं काट्यावर चढवतो, वजन पाहतो आणि मोठ्यानं ओरडतो तो माणूस. ओरडणं हेच खरं काम. विकणारा एका अंगाला, घेणारा दुसऱ्या अंगाला; दोघांच्या कानावर वजन एकाच वेळी गेलं पाहिजे. पहिल्या पोत्याला आम्ही ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. मग दोन, तीन. पोतं ओलं निघालं, त्यात माती निघाली, तर वजनातून जे कापतात त्याला कडता म्हणतात. कडता किती आणि कायचा, हे ओरडून सांगितल्याबिगर मी कधी कापू दिला नाही. यावरून दोन अडत्यांशी बोलणं सोडलं. ते दोघं वारले, तरी सोडलेलंच आहे.

आता खेळाचं. खेळाचं नाव चिअरलीडिंग. हा शब्द तोंडात बसायला मला दोन महिने लागले, आणि अजूनही माझी नात धनश्री हसते. ती दहावीत आहे आणि शाळेच्या संघाची कप्तान आहे. ‘पोट्ट्या नाचवून राह्यले’ असं गावात म्हणत होते. खोटं कायले बोलू, मीही म्हटलं होतं. मग एक दिवस शाळेच्या मैदानावर गेलो. पाहतो तर दोन पोरी समोरासमोर, एक मागं, आणि त्यांच्या हातांवर पाय देऊन चौथी वर उभी. हात आभाळात, पाठ काठीसारखी सरळ. असे चार मनोरे, सोळा पोरी, एकाच टाळीवर उभे राहतात आणि एकाच टाळीवर उतरतात. मध्ये कोलांट्या, उड्या, घोषणा. अडीच मिनिटांत सगळं. मी अर्धा तास तिथंच उभा राहिलो.

एक मनोरा सारखा डगमगत होता. मी खेळाच्या सुजाता मॅडमला म्हणालो, “बाई, दोन्ही खांदेकरी एका वजनाच्या नाहीत.”

“आबा, खांदेकरी नका म्हणू,” मॅडम म्हणाल्या. “खांदेकरी मढ्याले असतात.”

पण दुसऱ्या दिवशी सोळाही पोरी त्यांनी बाजारात आणल्या. मी एकेकीला काट्यावर उभं केलं, वजन ओरडलो, आणि वजनावरून जोड्या लावून दिल्या. सगळ्यांत हलकी लच्छी, शेजारच्या पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची. ती वरची झाली. तिच्याच मनोऱ्यात खाली धनश्री. सराव बारदानाच्या घड्यांवर. हातात हलवायचे झुबके मी सुतळी पिंजून, रंगवून केले. आणि एक शिस्त मी लावली: मैदानावर पाय ठेवल्या ठेवल्या आधी मैदानाच्या पाया पडायचं. वाकायचं, हात जमिनीला लावायचा, कपाळाला लावायचा. काट्याला हात जोडल्याबिगर मी कधी पहिलं पोतं चढवलं नाही, तशीच ही गोष्ट.

धनश्री एकदा म्हणाली होती, “आबा, मोबाईलवर पाह्यलं मी. तिथं कोणी पाया नाही पडत.”

“ते नाही पडत म्हणून आपण नाही पडाचं काय?” असं मी म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा.

मुकुटबन ते पुसद

पुसदला जिल्ह्याची स्पर्धा होती. मॅडमनी मला बरोबर घेतलं. जिल्ह्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जायचं. जिंकणारा संघ राज्याच्या स्पर्धेला जाणार, आणि दहावीच्या पोरींचं शाळेतलं हे शेवटचं वर्ष. धनश्रीनं आठवडाभर दुसरा विषय काढला नव्हता.

एसटीत मला पंचाहत्तरीच्या वरचा म्हणून तिकीट नाही. कंडक्टर म्हणाला, “बाबा, आधार दाखवा.” मी म्हटलं, “तोंड पाहून कळत नाही काय?” तो म्हणाला, “तोंडावर तारीख नसते ना बाबा.” पोरी एवढ्या हसल्या की मी आधार दाखवला, पण खिडकीकडं पाहून.

कापूस फुटला होता. दोन्ही बाजूंनी पांढरं, आणि मध्ये तुरीचे पिवळे पट्टे. यवतमाळ स्टँडवर आलुबोंडा खाल्ला. वरून चण्याची तर्री असते तिथं. लच्छीनं तिखट म्हणून डोळ्यांत पाणी आणलं आणि तरी दोन खाल्ले. मी म्हटलं, “पोरी, तुह्या वजनावर मी मनोरा लावला हाय. तिसरा खाऊ नको.” ती म्हणाली, “आबा, मंग परत काट्यावर घ्या.”

दिग्रसच्या पुढं रस्ता डोंगरात शिरतो. आमच्याकडची जमीन सपाट, काळी. धूर दिसला तर तो सिमेंटच्या कारखान्याचा. इथं सागवानाची पानं रस्त्यावर पापडासारखी वाजत होती. उतार संपला की पुसद एकदम खाली दिसतं, चारी बाजूंनी टेकड्या, परातीत ठेवल्यासारखं. पोरींनी खिडकीतून शाळेची घोषणा दिली. बसमधली एक म्हातारी दचकून उठली आणि “मोर्चा हाय काय?” म्हणाली.

पोरींची सोय पुसदच्याच एका शाळेच्या वर्गात होती. त्यात मला कसं ठेवणार? शाळेचे शिपाई उत्तमभाऊ मला गावाला लागून असलेल्या तांड्यावर आपल्या घरी घेऊन गेले. त्यांच्या आईला सगळे याडी म्हणतात. बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत याडी म्हणजे आई. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी असेल, पण पाठ माझ्यापेक्षा सरळ. तिनं ज्वारीची भाकर वाढली, त्यांच्याकडे तिला बाटी म्हणतात, आणि वांग्याची भाजी. आम्ही तिकडचे भात आणि आंबट वरणाची माणसं. मी भात शोधत होतो ते तिला दिसलं. “पावना भाताचा दिसते,” ती सुनेला म्हणाली. “त्याले दोन बाट्या जास्त वाढ, म्हंजे इसरते.” विसरलो.

पुसद, पहिली फेरी

मोठं मैदान. मधोमध निळ्या गाद्या पसरलेल्या, कडेनं पांढरी पट्टी. पाच पंच टेबलावर गुण देणारे, आणि एक बाजूला उंच खुर्चीवर नुसता दंड लिहिणारा. ती एक तरुण मुलगी होती, केतकी नाव, पुण्याहून आलेली. धनश्रीपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. समोर कागद, हातात पेन, गळ्यात शिट्टी. तिची नजर पाहून मला बरं वाटलं. अशी नजर काट्यावर पाहिजे, असं मनात आलं.

बाभुळगावचा संघ आमच्या आधी झाला. त्यांची वरची पोरगी मनोऱ्यावरून सटकली आणि खाली कोणाच्या हाताला लागली नाही. सरळ पाठीवर गादीवर आपटली. सगळं मैदान ‘हाऽऽ’ करून थांबलं. पोरगी उठली, रडत रडत पुढचं केलं. मीही टाळ्या वाजवल्या.

मग आमच्या पोरी. गादीवर आल्या, आपापल्या जागी उभ्या राहिल्या, गाणं सुरू झालं, आणि सोळाच्या सोळा एकदम वाकल्या. हात गादीला, हात कपाळाला. मी पांढऱ्या पट्टीबाहेर उभा होतो. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं. नंतरची अडीच मिनिटं एक पाय चुकला नाही. चार मनोरे उभे राहिले आणि उतरले. लच्छी वर गेली तेव्हा माझ्या शेजारचा चहावाला किटली खाली ठेवून पाहत होता.

दुपारी फळ्यावर गुण लागले. आम्ही शेवटी होतो. सर्वांत शेवटी, नवव्या. मिळालेल्या गुणांत आम्ही दुसरे. पण पुढच्या रकान्यात ‘दंड’, आणि त्याखाली सोळा गुण वजा. बाभुळगावच्या पोरीची पाठ आपटली त्याला एक गुण वजा. आमच्या पोरी सलामत उतरल्या त्याला सोळा. का, कशाचे, काही नाही. नुसता आकडा. न सांगता कापलेला कडता!

लच्छी म्हणाली, “आबा, आपण कुठं पडलो?”

मी सरळ टेबलावर गेलो. मॅडम मागून “आबा, मी बोलते, आबा” म्हणत येत होत्या. स्पर्धेचे संयोजक पुसदचेच एक सर होते, पोटानं गोल, बोलण्यानं गोड. ते म्हणाले, “काकाजी, हरकत असेल तर अर्ध्या तासात लेखी द्या. तोंडी नाही चालत.”

लेखी! मी म्हटलं, “आणा कागद.” मॅडम लिहून देते म्हणाल्या. मी नाही म्हणालो. माझ्या हातानं लिहिलं. अक्षर बैलाच्या खुरासारखं आहे, पण माझं आहे. लिहिलं असं: ‘आमच्या पोरी पडल्या नाहीत. पाया पडल्या. सोळा गुण कायचे कापले ते मोठ्यानं सांगावं.’ खाली सही.

संयोजकांनी वाचलं आणि गालात हसले. “काकाजी, ‘पडल्या’ तर तुम्ही सोताच लिहून दिलं.”

आजूबाजूचे हसले. मी हसलो नाही. “सर, पुढचं वाक्य वाचा. आमच्याकडं पडणारा माणूस खाली जाते. पाया पडणारा खाली जाऊन वर येते. तुमच्या कागदावर या दोघांचा एकच भाव हाय काय?”

केतकीला बोलावलं. ती तिचा कागद घेऊन आली. नियम मराठीत छापलेला होता: ‘पडणे: सादरीकरण सुरू असताना कोलांटीखेरीज हात, गुडघा वा पाठ जमिनीस टेकणे, एक गुण वजा.’

“आजोबा, गाणं सुरू झालं होतं,” ती म्हणाली. आवाज शांत, पण मान खाली नाही. “सोळा जणींनी हात टेकवले. मी मोजले. एकही जास्त लिहिला नाही.”

“तुह्या मोजण्यात चूक नाही, पोरी. तुह्या मोजण्याले मी चूक म्हणणार नाही. पण हात कायले टेकला, हे कुठं लिहते तू?”

तिनं कागद उलटसुलट पाहिला. “कारणाचा रकाना नाहीये.”

“मंग तोल गेलेली, पाठीवर आपटलेली, मैदानाले नमस्कार करणारी, सगळ्या एका पोत्यात?”

तिच्याऐवजी संयोजक बोलले. “काकाजी, नियमाला मन नसतं. हात टेकला म्हणजे टेकला. उद्या एखादी तोल जाऊन पडली आणि म्हणाली, मी नमस्कार करत होते, तर?”

हे बोलणं बरोबर होतं. रागात होतो तरी मला कळलं. पण सोळा कुठून आले? मी विचारलं, “सर, बाजारात पोतं ओलं निघालं तर कडता कितीदा कापतात?”

“एकदा.”

“पोत्यात दाणे किती असतात?”

ते पंचांकडं वळले.

“ओल्या पोत्याचा कडता एकदा कापतात, दाण्यागणिक नाही कापत. आमच्या पोरी एका टाळीवर वाकल्या. एक वाकणं, एक पोतं. तुमच्या नियमात ‘दर पोरीमागं’ असं लिहिलं असेल तर दाखवा. मी अर्ज खाऊन टाकतो.”

मग सगळे पंच नियमावर वाकले. बाभुळगावचे सरही आले, इतर संघांचे दोन-तीन शिक्षक आले. ‘दर पोरीमागं’ कुठंच लिहिलेलं नव्हतं. ‘दर वेळी’ असंही नव्हतं. ज्यानं लिहिलं त्यानं एक पोरगी पडेल एवढाच विचार केला होता. सोळा पोरी एकदम वाकतील हे त्याच्या डोक्यात नव्हतंच. बाभुळगावच्या सरांनी सांगितलं, “काकाजींचं बरोबर आहे.” त्यात त्यांचं नुकसान होतं हे मी लिहून ठेवतो.

केतकीनंच सोळा खोडून एक लिहिला, आणि पुढं समासात बारीक अक्षरात काही लिहिलं. मी विचारलं काय लिहिलं. “कारण,” ती म्हणाली.

आम्ही दुसरे झालो, शेवटच्या फेरीत गेलो. शेवटच्या फेरीत पहिले गुण धरत नाहीत, सगळे पुन्हा शून्यापासून. पण मी उठलो नाही. म्हणालो, “अजून एक. दंड कापाल तो मोठ्यानं सांगून कापा. माईक हाय ना? कोणता संघ, कायचा दंड, किती. आकडा नुसता फळ्यावर लावला तर पोरीले कळत नाही आपलं काय चुकलं.”

“सगळ्यांसमोर? पोरींना वाईट वाटेल,” संयोजक म्हणाले.

“न सांगता सोळा कापले तेव्हा नाही वाटलं?”

यावर त्यांनी माईकवाल्याला जवळ बोलावलं. मग म्हणाले, ठीक आहे, उद्या सांगू.

बाहेर आल्यावर पोरींनी मला उचलायचा घाट घातला. मी म्हटलं, “माहं वजन मोजून लावा मनोरा, नाहीतर खांदेकरीच लागतील.” सुजाता मॅडमही हसल्या. पाया पडायची शिस्त मी लावली होती, हे त्या दिवशी कोणी काढलं नाही. धनश्रीनं काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

याडीच्या अंगणात

दिवस मावळायच्या आधी तांड्यावर पोचलो. याडी अंगणात तूर पाखडत होती. मी तिला सगळं सांगितलं, राग होता तोही सांगितला. ती सूप न थांबवता ऐकत होती.

“जमिनीच्या पाया पडल्या ना? मंग जमिनीले राग आला काय? त्या बाईले कायले आला?” असं म्हणून ती सुनेकडं पाहून हसली. मग विचारलं, “ते वरची पोरगी पडली तं झेलते कोण?”

“खालच्याच झेलतात.”

“आन त्याचं काय भेटते त्यायले?”

मी म्हणालो, काही नाही. पडली की एक गुण जाते. झेलताना नुसता गुडघा टेकला तरी एक, आपटली तरी एक.

याडीनं सूप खाली ठेवलं. “या तांड्यावरचे अर्धे लोक माह्या हातात पडले,” ती म्हणाली. ती सुईण होती, हे मला तेव्हा कळलं. “मी झेलले म्हणून उभे हायेत. झेलण्याले काईच नाही म्हंते? कोणी लिवला रे थो कागद?”

मला स्वतःला हे का सुचलं नाही, याचाच राग आला.

पुसद, शेवटची फेरी

सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर जाऊन संयोजकांना गाठलं. म्हटलं, “सर, झेललेल्या पडण्याले पाव गुण कापा, आपटल्याले पूर्ण. खालच्या पोरी छाती पुढं करून मधात शिरतात. तेही खेळच हाय, उलट मोठा खेळ हाय.”

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. केतकी शेजारी होती, ती म्हणाली, “सर, मुद्दा खरा आहे. मलाही वाटतं.”

संयोजक म्हणाले, “खरा आहे. पुढच्या वर्षीच्या नियमात आपण टाकू. पण काकाजी, एक सांगा. तुम्ही बाजारात माप सुरू केल्यावर वजनं बदलत होते काय?”

चाळीस वर्षांत मला माझ्याच मापानं कोणी मोजलं नव्हतं. काट्यावर पहिलं पोतं चढलं की वजनं बदलायची नाहीत. खोटी असली तरी सगळ्यांना तीच, हे मीच सगळ्या बाजाराला शिकवलं होतं. मी म्हणालो, “नाही.” आणि पांढऱ्या पट्टीपाशी जाऊन उभा राहिलो. राग गेला नव्हता. नुसती त्याला बसायला जागा उरली नव्हती.

पाया पडण्याचं काय करायचं ते पोरींनीच ठरवलं. मी हट्टानं म्हणत होतो की ज्या गादीवर खेळायचं तिच्याच पाया पडलं पाहिजे, एक गुण गेला तर जाऊ द्या. धनश्री म्हणाली, “आबा, पट्टीच्या बाहेर जमीन येगळी हाय काय?” सोळा पोरी पट्टीच्या बाहेर, गाणं लागायच्या आधी, मातीत वाकल्या. हाताला धूळ लागली. गादीपेक्षा ते बरं दिसलं. हे मी तिला सांगितलं नाही, इथं लिहितो.

बाभुळगाव आधी झालं. कालची पडलेली पोरगी आज वर गेली आणि खिळ्यासारखी उभी राहिली. त्यांचे मनोरे आमच्याइतके उंच नव्हते, पण एक डाग नाही. माईकवरून केतकीचा आवाज आला: “बाभुळगाव, दंड नाही.”

मग आम्ही. सगळं छान चाललं होतं. शेवटचा मनोरा, ज्यात लच्छीनं वर एका पायावर उभं राहायचं असतं. ती उभी राहिली. दुसरा पाय उचलला. आणि पाय हलला. मी शपथेवर सांगतो, मला आधी तिचा पंजा दिसला, मग तिची पाठ, आणि मग धनश्री. धनश्री वर पाहतच होती. तिनं हात सोडले नाहीत, ती मध्ये शिरली. मागचीनं काखेत हात घातले, दुसरीनं पाय धरले, आणि लच्छी तिघींच्या हातांत आली. तिचं डोकं जमिनीपासून वीतभर वर होतं. तिचा एक गुडघा मात्र गादीला टेकला. तिघींनी तिला तशीच उभी केली, चौघींनी हात वर केले, घोषणा दिली आणि संपवलं. लच्छीचा श्वास मला पट्टीवरून ऐकू येत होता.

माईकवरून आवाज आला. “मुकुटबन. पडणे, एक. कारण, मनोऱ्यावरून तोल गेला. एक गुण वजा.”

मीच मागितलं होतं. मोठ्यानं सांगा म्हणून. माझ्याच पोरींचा कडता, माझ्याच कानावर, सगळ्या मैदानासमोर, कारणासकट.

निकाल लागला. बाभुळगाव पहिलं. आम्ही अर्ध्या गुणानं मागं. हिशोब तिथंच सगळ्यांना कळला: झेलण्याला मान असता, एकाऐवजी पाव कापला असता, तर आम्ही पाव गुणानं पुढं. संयोजक माझ्याकडं पाहत होते. मॅडमनी अर्जाचा कागद हातात धरलेला होता. धनश्री आली. तिच्या कोपराला गादीची खरचट होती.

“आबा, अर्ज देता काय?”

पेन माझ्या खिशात होतं. तिचं हे शेवटचं वर्ष होतं. मी लिहिलं असतं तर केतकी बोलली असती, बाभुळगावचे सर कदाचित आजही ‘बरोबर आहे’ म्हणाले असते. चांगला माणूस होता तो.

“नाही,” मी म्हणालो. “वजनं सकाळपासून तीच होती.”

ती रडेल असं वाटलं. रडली नाही. म्हणाली, “मंग पुढच्या वर्षी लच्छी तरी जाईल. ती नववीतच हाय.” आणि जाऊन बाभुळगावच्या पोरींशी हात मिळवून आली.

परत आल्यावर

निघताना केतकीनं मला दंडाचा एक कोरा कागद दिला. “आजोबा, तुम्ही कसा केला असता, लिहून पाठवा. मी पुढं देईन.” तो कागद मी घरी येऊन रेघा मारून भरला. पहिला रकाना, काय झालं. दुसरा, कायनं झालं. तिसरा, एकदा झालं की अनेकदा. एका टाळीवरचं एकदाच धरायचं. चौथा, झेललं की नाही, आणि कोणी झेललं त्या पोरींची नावं. पाचवा, मोठ्यानं सांगितलं की नाही. खाली लिहिलं: माप सुरू झाल्यावर यातलं काही बदलू नये, पोरगी माझी असली तरी. पोस्टात टाकला. उत्तर यायचं आहे. नाही आलं तर पुन्हा पाठवीन, माझ्याकडं कागद पुष्कळ आहेत. आणि संयोजकांनी ‘पुढच्या वर्षी टाकू’ असं म्हटलेलं मला आठवतं. तेही विसरू नयेत म्हणून हे छापायला देतो आहे.

परतल्यावर मी पानठेल्यावर गेलो. मला पाहून एकजण बाकीच्यांना डोळा मारत म्हणाला, “काय आबा, आयकलं सगळ्याच पडल्या म्हणे तुमच्या पोट्ट्या?”

मी मापारी आहे. घसा अजून चांगला आहे. रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीपर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं ओरडलो:

“लाभ! एकच पडली! आन तिघींनं झेलली!”